आधी नंबर, मग इंजिन, रंग शेवटी

या वेळी जुन्या मोटरसायकलींचे प्रश्न घेतले आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांत बरेच प्रश्न एकसारखे होते, ते एकत्र केले.

प्रश्न : आयुष्यात चार गाड्या झाल्या. राजदूत १७५, मग येझदी, मग हिरो होंडा सीडी १००, आणि आता स्प्लेंडर. निवृत्तीनंतर पुन्हा येझदीच घ्यायचं मनात आहे. पारोळ्याला एक बघून आलो. नवा रंग, नवं निकल, आणि "इंजिन नुकतंच बांधलंय" असं मालक म्हणतो. काय तपासू? (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

सर, निकलकडे नंतर बघा. आधी आरसी बुक हातात घ्या आणि फ्रेमवरचा व इंजिनवरचा नंबर एकेक अक्षर ताडून पाहा. नंबराच्या आजूबाजूचा पत्रा ग्राइंडर फिरवल्यासारखा गुळगुळीत असेल, किंवा नंबरावर रंगाचा जाड थर असेल, तर थिनरचं फडकं मारून बघू द्या म्हणा. मालक नको म्हणाला तर व्यवहार तिथेच सोडा. त्यानंतर परिवहनच्या वाहन पोर्टलवर गाडी दिसते का ते पाहा. जुन्या आरसीची नोंद संगणकावर चढलेली नसेल तर आरटीओत बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते. ते काम विकणाऱ्याकडूनच, पैसे देण्याआधी करून घ्या.

इंजिन थंड असतानाच बघायचं. पोचल्याबरोबर सायलेन्सरला हात लावा. गरम लागला तर गाडी तुमच्यासाठी आधीच चालू करून ठेवली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. सुरू होताना थोडा निळसर धूर येणारच, टू-स्ट्रोक आहे, म्हणजे पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं. पण पांढरा दाट धूर थांबतच नसेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होत असेल, तर क्लचकडचं क्रँक सील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं रबरी सील, फाटलंय. येझदीत प्रायमरी चेन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलात चालतात. ते ऑइल फाटक्या सीलमधून क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि जळतं. उजव्या, म्हणजे डायनामोच्या बाजूचं सील गेलं तर उलटं होतं. तिथून हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, रेस आपोआप वाढते आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी लवकर खाली येत नाही. मिस्त्री कार्बोरेटर पिळत बसतो, दोष असतो सीलमध्ये. अशी गाडी उन्हाळ्यात पिस्टन चिकटवणार हे धरून चाला.

बिग एंडची, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या बेअरिंगची, तपासणी सोपी आहे. प्लग काढा, डायनामोच्या बाजूचं झाकण उघडा, रोटरच्या बोल्टला पाना लावून पिस्टन वरच्या टोकाजवळ आणा आणि पाना हलकेच मागेपुढे करा. दिशा बदलताना टक असा आवाज आला किंवा किंचित मोकळेपणा जाणवला तर बेअरिंग संपलंय, क्रँक दाबून उघडावा लागेल. सिलिंडर काढलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून पाहा. या दिशेला खेळ अजिबात नको. आडवा थोडा हलला तर काळजी नाही.

"इंजिन बांधलंय" म्हणजे नेमकं काय केलं ते विचारा. बोअर (सिलिंडरचं भोक) किती ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा मोठा, झाला, क्रँक उघडला का, सीलं बदलली का. नुसत्या रिंगा टाकल्या असतील तर ते बांधणं नव्हे. मूळ बोअर ६५ मिमी. तुम्ही स्वतः बोअर करून घेणार असाल तर पिस्टन आधी विकत घ्या आणि लेथवाल्याला द्या. पिस्टन मोजून बोअर होतो. रिंग नुसती सिलिंडरात सरळ बसवून टोकांतली फट ब्लेड गेजने मोजा, ०.२५ मिमीच्या आसपास असावी. फार कमी असेल तर तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

पेट्रोलमध्ये ऑइल लिटरला ४० मिली, म्हणजे पाच लिटरला २००. नवीन बोअरवर पहिले ५०० किलोमीटर लिटरला ५० मिली घाला आणि अर्ध्याच्या पुढे अॅक्सिलरेटर देऊ नका. ऑइल सरळ टाकीत न ओतता डब्यात पेट्रोलबरोबर हलवून मग भरा.

दिवे ६ व्होल्टचे, मिणमिणते. रोज अंधारात फिरणार असाल तर १२ व्होल्टचा संच खुशाल बसवा, पण मूळ डायनामो आणि रेग्युलेटर भंगारात देऊ नका. पुढे गाडी मूळ स्वरूपात न्यायची झाली तर तेच शोधत फिरावं लागतं.

प्रश्न : वडिलांची १९७३ ची जावा घरात आहे. वडील वारले, आरसीची मुदत केव्हाच संपली. माझ्या नावावर होईल का? व्हिंटेज नंबर घ्यावा का? (शेतकरी, रावेर)

होईल. वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज फॉर्म ३१. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि मूळ आरसी सोबत लागते. नियमाप्रमाणे ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. उशिराचा दंड भरावा लागेल, पण रस्ता बंद होत नाही. नोंदणीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, पाच वर्षांसाठी. त्यासाठी गाडी आरटीओत न्यावी लागते. विमा, पीयूसी, पर्यावरण कर आणि नवी सुरक्षा नंबरप्लेट हे सगळं लागतं. २००० पूर्वीच्या दुचाकीला पीयूसीत सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ४.५ टक्के आणि एचसी (हायड्रोकार्बन) ९००० पीपीएम चालतं. इंजिन नीट तापवून आणि सायलेन्सरमधली काजळी काढून गेलं तर टू-स्ट्रोकही पास होते.

व्हिंटेजचा नियम जुलै २०२१ चा. ५० वर्षांहून जुनी, चेसिस-इंजिनात बदल न केलेली गाडी त्यात बसते, म्हणजे तुमची बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,०००, मुदत १० वर्षं, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. गोम इथे आहे की अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. केळीच्या बागेवर रोज जायचं असेल तर साधं नूतनीकरणच करा.

प्रश्न : आरएक्स १०० मे महिन्यात दुपारी जळगाव रोडला चालता चालता जाम होते. थंड झाली की पुन्हा चालू. दोनदा पिस्टन बदलला. पेट्रोलमध्ये दोष असेल का? (भुसावळ)

पेट्रोलचा थोडा हात आहे, पण आधी ऑइल पंप बघा. आरएक्सला वेगळी ऑइल टाकी आणि पंप आहे. ऑइल टाकी एकदा रिकामी झाली किंवा पाइप काढला गेला की लाइनमध्ये हवा अडकते. पंपाचा ब्लीड स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, मग आवळा. पंपाची केबल अॅक्सिलरेटरच्या केबलबरोबर चालते. मिस्त्री अॅक्सिलरेटरची केबल ताणतो आणि पंपाची तशीच सोडतो. मग रेस पूर्ण असते आणि पंप अर्ध्यावर. पंपाच्या चाकावरची खूण जुळवूनच केबल लावायची. पंपाची खात्री होईपर्यंत पेट्रोलमध्येही लिटरला २० मिली टू-टी ऑइल टाकून चालवा, पिस्टन वाचेल.

आता पेट्रोल. इथेनॉल २० टक्के असलेल्या पेट्रोलमध्ये ऑक्सिजन जास्त, त्यामुळे कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त ताप, आणि इकडे बाहेरच ४५ अंश. कार्बोरेटरच्या सुईची क्लिप एक खाच खाली बसवा, म्हणजे सुई वर येते. मेन जेट एक नंबर मोठा घाला. मग सपाट रस्त्यावर पूर्ण रेस देऊन क्लच दाबत इंजिन बंद करा आणि प्लग काढून बघा. बदामी रंग ठीक, पांढरा म्हणजे अजून पातळ, काळा ओला म्हणजे जास्त झालं. इथेनॉल पाणीही ओढून घेतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटरचा प्याला रिकामा ठेवा. जुने रबर पाइप फुगलेले असतील तर बदला.

आणखी दोन गोष्टी आपल्याकडच्या. सिलिंडरच्या बाहेरच्या फिन्समध्ये (पातळ पट्ट्यांत) सुकलेली काळी माती बसलेली असते, ती खरवडून काढा, हवा लागलीच पाहिजे. आणि कापसाच्या हंगामात फिल्टरवर तंतूंचा थर जमतो. फोमचा फिल्टर असेल तर रॉकेलमध्ये धुवून, वाळवून, टू-टी ऑइलचा हात लावून बसवा. ऑइल न लावता बसवलेला फोम बारीक धूळ अडवत नाही.

आरएक्सचा विषय निघाला म्हणून जावा-येझदीवाल्यांसाठी एक सूचना. कन्नडहून चाळीसगावकडे येणारा घाट उतरताना रेस बंद करून गिअरवर गाडी सोडू नका. यांना वेगळा पंप नाही, पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद, आणि चाकं मात्र इंजिन फिरवत राहतात. अधूनमधून क्लच दाबून हलकी रेस द्या.

प्रश्न : उजव्या गिअरची जुनी बुलेट ३५० किक मारताना उलटी झटकते. घोटा सुजला. (धुळे)

टायमिंग पुढे गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटची फट ०.३५ ते ०.४० मिमी असावी. जास्त ठेवली की पॉइंट लवकर उघडतो आणि टायमिंग आपोआप पुढे सरकतं. फट बरोबर असेल तर ऑटो अॅडव्हान्सची वजनं गंजून उघडी अडकली असतील, किंवा स्प्रिंग ढिली. साफ करून थेंबभर ऑइल द्या. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) इंजिन पूर्ण थंड असताना लावायचे: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

किकचीही पद्धत आहे. चावी चालू करून किक जड लागेपर्यंत खाली आणा, डिकॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडणारा खटका) दाबून आणखी थोडी पुढे न्या. अॅमीटरचा काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेसर सोडा, किक वर येऊ द्या आणि मग पूर्ण मारा. अर्धवट किक मारणाऱ्याचाच पाय जातो.

प्रश्न : शोरूममधल्या नव्या जावा-येझदीचे पार्ट जुन्याला लागतात का? (शहादा)

नाही. २०१८ ला परत आलेली जावा आणि २०२२ ची येझदी फोर-स्ट्रोक आहेत, पाण्याने थंड होणाऱ्या. नावापलीकडे संबंध नाही.

प्रश्न : वय २४. स्वप्न राजदूत ३५० चं. अर्धवट खोललेली एक स्वस्तात मिळतेय. घेऊ का? (शिरपूर)

पोत्यात भरलेली गाडी स्वस्त दिसते, पण हरवलेले भाग गोळा करताना चालू गाडीच्या वर पैसे जातात. ही यामाहा आरडी ३५० ची इथली आवृत्ती, एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली: ३४७ सीसी, दोन सिलिंडर, सहा गिअर. आधी ३०.५ अश्वशक्तीची, नंतर २७ ची आली. लोक पहिलीला एचटी (हाय टॉर्क) आणि दुसरीला एलटी (लो टॉर्क) म्हणतात, आणि एलटीला एचटी म्हणून विकणारेही आहेत.

क्रँक, क्रँककेस, दोन्ही सिलिंडर, दोन्ही कार्बोरेटर आणि गिअरबॉक्स पोत्यात आहेत का ते मोजा. यातलं एक जरी कमी असेल तर सोडा. क्रँक दाबून जोडलेला असतो. तो उघडून पुन्हा सरळ बसवणारा लेथवाला आधी शोधा, गाडी नंतर. मूळ जपानी गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता, राजदूतला ड्रम आहे. एवढ्या ताकदीला तो कमी पडतो, म्हणून इंजिनाच्या आधी ब्रेकचे लायनर, ड्रम आणि केबल यांवर खर्च करा.