अठरा पूर्ण झाले की बालगृहातून लगेच जायचं का?

प्रश्न: मी लहान असल्यापासून बालगृहात आहे, आईवडील कोण ते माहीत नाही. पुढच्या महिन्यात 18 पूर्ण होतील, डिप्लोमा अजून अर्धा बाकी आहे. मॅडम म्हणतात वाढदिवसानंतर ठेवता येणार नाही, आणि एका कागदावर सही मागतायत. मी जाऊ कुठे?

उत्तर: आधी तो कागद नीट वाच आणि फोटो काढून ठेव, त्यात "मी स्वखुशीने जात आहे" असं काही असेल तर सही करू नकोस, कारण उद्या मदत मागायला गेलीस की हाच कागद समोर धरतील.

18 नंतर बालगृहात राहता येत नाही हे मॅडमचं बरोबर आहे, पण म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. बाल न्याय कायदा 2015 मध्ये अनुरक्षण म्हणजे आफ्टरकेअरची सोय आहे, वय 21 होईपर्यंत, आणि केंद्राच्या 2016 च्या नियमांप्रमाणे खास परिस्थितीत अजून दोन वर्षं. त्यात सहा-आठ जणींनी मिळून राहायची तात्पुरती सोय, शिक्षणासाठी स्कॉलरशिप, ट्रेनिंग चालू असताना स्टायपेंड असं सगळं येतं, मिशन वात्सल्य या केंद्राच्या बाल संरक्षण योजनेत महिन्याला 4,000 रुपयांची तरतूद आहे आणि पैसे थेट खात्यात जमा व्हायला हवेत, म्हणून स्वतःच्या नावाचं बँक खातं नसेल तर आत्ताच उघडून घे.

पण हे आपोआप मिळत नाही गं, बाल कल्याण समितीचा, म्हणजे बालगृहातल्या मुलांबद्दल निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीचा, आदेश लागतो. नियम असा आहे की मूल बाहेर पडायच्या दोन महिने आधी त्याचा पुढचा प्लॅन समितीपुढे जायला पाहिजे, म्हणजे तुझा आत्तापर्यंत जायला हवा होता. तो कुठंय ते लेखी विचार. समितीच्या नावाने साधा अर्ज लिही, डिप्लोमा चालू आहे, राहायला जागा नाही, अनुरक्षण द्या, कॉलेजचं बोनाफाईड जोड, एक प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षात दे, आणि पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नकोस. तोंडी "बघू" म्हणाले तर तो आदेश नव्हे. लेखी नकार आला तर 30 दिवसांत अपील करता येतं, आणि आफ्टरकेअरच्या बाबतीत ते कोर्टात नव्हे, जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, हे बऱ्याच वकिलांनाही माहीत नसतं.

अजून एक, अनाथ प्रमाणपत्र. महाराष्ट्रात अनाथांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत 1 टक्का आरक्षण आहे, आणि तुझी फाईल बालगृहात आहे तोवर ते काढणं खूप सोपं जाईल. आधार, दाखले, समितीचे जुने आदेश यांच्या प्रतीही आत्ताच मागून घे.

वकिलाची फी कुठून आणू असं मनात येईल, तर मुलींना आणि महिलांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा नाहीतर 15100 ला फोन कर. आणि हे सगळं वाढदिवसाच्या आधी, याच आठवड्यात सुरू कर.