गड्ड्यावरचा लेझर खरंच १० वॅटचा असतो का?

प्रश्न : नमस्कार सर, जुळे सोलापूरमधनं लिहितोय. पोरानं गड्ड्याच्या यात्रेतनं हिरवा लेझर आणलाय, आत चार्जिंगचा एकच जाड सेल, १८६५० लिहिलेला. खोक्यावर १०,००० मिलिवॅट छापलंय आणि लेझरवर बारका स्टिकर, ५ पेक्षा कमी. कुठलं खरं धरायचं? आणि आता मे महिन्यात गच्चीवर थोडा वेळ चालवला की सेल फुल असून मंद का होतो?

उत्तर : मला तर दोन्ही आकडे खोटे वाटतात ओ. आधी मोठा बघू. १०,००० मिलिवॅट म्हणजे १० वॅट नुसता उजेड. तुमचा सेल ३.७ व्होल्टचा, चांगला निघाला तर २५०० एमएएच, म्हणजे सगळा मिळून ९ वॅट-तास. त्यात असल्या लेझरमध्ये हिरवा उजेड सरळ निघतच नाही, आधी ८०८ नॅनोमीटर तरंगलांबीचा उजेड देणारा डायोड, त्याच्यावर एक क्रिस्टल १०६४ चा न दिसणारा किरण देतो, मग दुसरा क्रिस्टल त्याचा ५३२ चा हिरवा करतो आणि दर टप्प्याला गळती. शंभरातले दहा हिरव्यात आले असं धरलं (हे पण मी सढळ हातानं धरतोय) तरी १०० वॅट ओढायला पाहिजेत, म्हणजे २७ अँपिअर, साडेपाच मिनिटांत सेल खल्लास, आणि उरलेले ९० वॅट त्या नळीत उष्णता. सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतंय, तसली तीन-चार मुठीत धरून बघा म्हणजे कळेल.

मंद होतो तेही उष्णतेनंच. डायोड तापला की दर डिग्रीला त्याची तरंगलांबी साधारण ०.३ नॅनोमीटर सरकते, मग पहिला क्रिस्टल ती नीट शोषत नाही. सोलापूरचं ऊन, त्यात वरनं गच्ची.

पण मंद झाला म्हणून डोळ्याला चालतो असं समजू नका. स्वस्तातल्यात इन्फ्रारेड, म्हणजे तो न दिसणारा किरण, अडवणारा फिल्टरच नसतो, २०१० मध्ये अमेरिकेच्या निस्ट संस्थेला एका हिरव्या पॉइंटरमधून जवळपास २० मिलिवॅट इन्फ्रारेड सापडला होता, हिरवा मात्र अगदी फिका. दिसत नाही म्हणून पापणी पण मिटत नाही. स्टिकरवरचे ५ मिलिवॅट ही लेझरच्या धोक्याच्या वर्गांपैकी ३आर वर्गाची हद्द, त्याच्या पुढं ५०० पर्यंत जास्त धोक्याचा ३बी. पोरानं त्यानं काळा फुगा फोडून दाखवला असेल तर तो ५ चा नक्कीच नाही.

सेल काढून तुमच्याकडं ठेवा, आणि होटगी रोडकडनं विमान येताना गच्चीवर हे खेळणं नकोच, पायलटचे डोळे दिपतात.