फासे टाकावेत की गुण वाटून घ्यावेत?

प्रश्न : आम्ही पाच जण 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलाभोवती पात्रं घेऊन खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचा, म्हणजे २०१४च्या पुस्तकाचा, नवा खेळ सुरू करतोय. आमच्यातला सगळ्यात जुना खेळाडू म्हणतो, पात्र बनवायचं ते जुन्या पद्धतीनंच : ताकद, बुद्धी अशा सहा गुणांसाठी एकेकदा तीन फासे टाकायचे, पडेल तो आकडा त्याच क्रमानं लिहायचा. बाकीच्यांना हे अन्यायाचं वाटतं. कुणाचं ऐकावं?

उत्तर : तुमच्या मित्राची ओढ मला पुरेपूर कळते. मीही तशीच सुरुवात केली. पात्राच्या पहिल्या कागदावर स्ट्रेंग्थ (ताकद) ५, इंटेलिजन्स (बुद्धी) १३. मॅजिक-यूजर, म्हणजे जादूगार, होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. हिट पॉइंट्ससाठी, म्हणजे पात्र किती मार सोसेल त्यासाठी, चार बाजूंचा फासा टाकला, दोन पडले. पहिल्याच बोळात गॉब्लिनचा बाण लागला आणि मी मेले. पण दुसरा कागद दहा मिनिटांत तयार झाला. त्यावर उतरलेला क्लेरिक, म्हणजे पुजारी, मी आपणहून कधीच निवडला नसता, आणि तोच मी पुढे दोन वर्षं जिवापाड खेळले.

तरीही ही पद्धत पाचव्या आवृत्तीत आणू नका. मधल्या काळात आकड्यांचं वजन बदललंय. १९७४च्या मूळ खेळात स्ट्रेंग्थ भरपूर असली म्हणून तलवारीचा नेम सुधारत नसे. लढवय्याला अनुभवाचे गुण थोडे जास्त मिळत, इतकंच. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड पुस्तकातही स्ट्रेंग्थ १६ असली तरी नेम तोच राही, घाव फक्त एकानं वाढे. म्हणून फासे वाईट पडले तरी खेळाडू मागे पडत नसे. अडायचं ते पॅलाडिनपाशी, म्हणजे धर्मयोद्ध्यापाशी. त्याला करिष्मा (व्यक्तिमत्त्वाची छाप) हा गुण किमान १७ लागे, आणि तीन फाशांवर १७ किंवा १८ पडण्याची शक्यता ५४ मध्ये १. कुणाच्या कागदावर तो आकडा दिसला की सगळे टेबलावर वाकून बघत.

२००० साली तिसऱ्या आवृत्तीनं ही अट काढली आणि सहाही गुणांना एकच सूत्र लावलं : दहाच्या वर दर दोन आकड्यांमागे एक अधिक, खाली तसंच उणे. तुमच्या आवृत्तीतही तेच आहे. स्ट्रेंग्थ १६ असेल तर तलवारीच्या नेमात +३ आणि घावातही +३. ८ असेल तर दोन्हीकडे उणे एक. शेजारी-शेजारी बसलेल्या दोन लढवय्यांत हा फरक प्रत्येक हल्ल्याला जाणवतो. चार फासे टाकून सगळ्यात लहान वगळायची रीत १९७९पासूनच होती, पण आता ती जास्तच गरजेची झाली. तीन फाशांची सरासरी १०.५, या रीतीची बाराच्या थोडी वर. चौथ्या आवृत्तीनं (२००८) तर फाशांना शेवटचा पर्याय करून टाकलं.

आता दुसरं टोक, २७ गुणांची पॉइंट बाय, म्हणजे फासे न टाकता ठरावीक गुण खर्चून आकडे विकत घेणं. हिशोबाला ती चोख आहे, पण मला ती मनापासून आवडत नाही. प्रत्येक विझर्डची (जादूगाराची) स्ट्रेंग्थ ८ वरच येऊन थांबते आणि सगळे कागद भावंडांसारखे दिसू लागतात.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं : प्रत्येकानं चार फाशांच्या रीतीनं सहा आकडे पाडायचे, त्यातला एक संच सगळ्यांनी मिळून निवडायचा आणि तोच सर्वांनी वापरायचा. बाकीचे खेळाडू ते आकडे हवे तिथे मांडतील. तुमच्या मित्राला वाटलं तर त्यानं ते पडले त्याच क्रमानं लिहावेत. फासेही पडले आणि कुणी उपाशीही राहिलं नाही.

टेबलावर कुणाकडे २०२४चं पुस्तक असेल तर एक आधी ठरवून घ्या. २०१४मध्ये गुणांची वाढ वंशाकडून मिळते, २०२४मध्ये बॅकग्राउंडकडून, म्हणजे पात्राच्या पूर्वायुष्याकडून. दोन्ही पुस्तकं उघडी राहिली तर एखाद्याला ती दोनदा मिळेल.

आणि एखादी संध्याकाळ मोकळी सापडली तर मित्राला १९८१चे बेसिक नियम चालवू द्या. तीन फासे, क्रमानं, एल्फ हा वंश नसून क्लासच, म्हणजे क्लेरिकसारखा पेशाच. प्रत्येकी दोन-तीन कोरे कागद मात्र जवळ ठेवा.