काउंटरवर पहिल्यांदा बसतोयस, तर वयाचं आधी पाहून घे

भाऊ, बीअर-वाइनला २१ पूर्ण आणि देशी किंवा व्हिस्की-रमला २५ पूर्ण, हा आपल्या महाराष्ट्राचा हिशोब. घोळ होतो तो इथंच. बावीस वर्षांचं पोरगं बीअर घेऊन जातं, मग क्वार्टर मागतं. बीअर दे, क्वार्टर नाही.

कार्डावरचं नुसतं साल वजा करू नको, दिवस-महिना बघ. जुन्या आधारवर कधी फक्त जन्मसाल असतं. तेव्हा जन्म ३१ डिसेंबरचा धरून चाल. आपल्याकडं कितीतरी जणांची तारीख १ जून, गुरुजींनी शाळेत नाव घालताना टाकलेली. चेहरा काही म्हणो, कार्डावरची तारीखच खरी.

‘गोव्यात १८ ला मिळते’ म्हणून हुज्जत घालणारा येईलच. मिळते, पण तो गोव्याचा कायदा. मध्य प्रदेशात नि तेलंगणात २१. जर्मनीत बीअर-वाइन १६ ला, कडक दारू १८ ला, म्हणजे आपल्यासारखीच दोन पायऱ्यांची रीत. जपानात सज्ञान वय २०२२ पासून १८ झालं, दारूचं मात्र २० च राहिलं. अमेरिकेत १८ ला मतदान, दारूला २१.

वर्धा नि गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिकडं जाणाऱ्याला ‘सोबत नेलं तर चालतं’ असं चुकूनही सांगू नको. चंद्रपूरची बंदी २०१५ ला लागली, २०२१ ला उठली, त्यामुळं लोकांच्या डोक्यात अजून गोंधळ आहे.