टाचणावरची खाडाखोड राहू द्या

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातून एका आईनं लिहिलंय: "मुलगी बी.एड.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजनं ई-पोर्टफोलिओ सक्तीचा केलाय, त्याला अंतर्गत गुण आहेत. सराव पाठांतून तिला श्वास घ्यायला वेळ नाही. ओळखीतला एक जण 3,000 रुपयांत देखणा पोर्टफोलिओ करून देतो म्हणतो. देऊ का करायला?"

ताई, नका देऊ. ई-पोर्टफोलिओ म्हणजे आपल्या पाठांच्या नोंदी, फोटो आणि त्यांवरचा विचार यांची ऑनलाइन वही. पानं तो सुरेख करेल, पण कोणत्या पाठात वर्ग तिच्या हातातून सुटला हे त्याला कुठून ठाऊक असणार? आणि जाणता परीक्षक नेमकं तेच शोधतो.

आपल्या वेळी जर्नल सबमिशनच्या आदल्या रात्री उतरवून काढायचो. मीही काढलंय. ई-पोर्टफोलिओत तसं करून भागत नाही. नोंद त्या त्या आठवड्यात पडायला हवी, म्हणजे प्राध्यापक मध्येच शेरा देतात आणि पुढचा पाठ त्यावरून सुधारता येतो.

समजा, तिनं सहावीला अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि अर्ध्या वर्गानं 1/2 + 1/3 = 2/5 लिहिलं. "पाठ चांगला झाला, मुलांनी प्रतिसाद दिला" या नोंदीतून काय कळणार? त्याऐवजी तिनं लिहावं: "पोळीचे तुकडे दाखवले, पण आधी दोन्हींचे भाग सारख्या मापाचे करायचे, हे सांगायचं राहिलं. दुसऱ्या तुकडीत कागदी पट्टीचे 6 सारखे भाग केले. 3 भाग आणि 2 भाग, मिळून 5/6, हे मुलांनीच मोजलं." सोबत पहिल्या टाचणाचा, म्हणजे पाठाआधी लिहिलेल्या आखणीचा फोटो, खाडाखोडीसकट. गुण द्यायचे ते याला.

सयाजीराव विद्यापीठाच्या फाइन आर्ट्समध्ये वर्षअखेरीस विद्यार्थ्यांचं काम मांडतात, पाहिलं असेलच तुम्ही. चित्रकाराला त्याच्या कामावरून जोखलं तर कुणाला नवल वाटत नाही. शिक्षकाला मात्र आपण अजून तीन तासांच्या पेपरवर तोलतो!

आता वेळेचं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमांनुसार दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये शाळेतली इंटर्नशिप 20 आठवड्यांची असते. आठवड्याला एक नोंद पुरे. घरी आल्यावर चहा उकळेपर्यंत मोबाइलवर बोलून ठेवू दे, मराठीत, गुजरातीत, जसं सुचेल तसं. नीट नंतर लिहील. शेवटी त्यातल्या सहा-सातच निवडायच्या, आणि त्याच का निवडल्या तेही लिहायचं. इथे मुली अडखळतात, कारण सगळंच दाखवावंसं वाटतं.

गुण कशाला किती, ते निकष तिनं आजच मागून घ्यावेत. मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीशिवाय टाकू नयेत. वहीचा फोटोही नाव झाकून. कॉलेजचं खातं बी.एड. झाल्यावर चालू राहीलच असं नाही, तेव्हा दर महिन्याला एक प्रत पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावी. शाळेच्या मुलाखतीत "वर्गाला कळलंच नाही तर काय कराल?" असं विचारू शकतात. तेव्हा ते पट्टीचं पान उघडून दाखवता येईल.