बोटीवर जेवण, बंदरावर चव

“पाच दिवस बोटीवर सगळं समोर मांडलेलं, तेही कधीही. मुलं पिझ्झा-आईस्क्रीमवरच राहतील, ह्यांची साखर वाढेल, सासूबाईंना धड काही मिळणार नाही. आणि पेनांगला उतरून तिथलं काही खाल्लं तर पोट बिघडायची भीती. मग खायचं तरी काय?”

ठाण्याच्या एका ताईंनी आम्हाला विचारलेला हा प्रश्न. सिंगापूरहून सुटणारी चार रात्रींची क्रूझ, वाटेत पेनांग आणि फुकेत, निघायला सहा आठवडे बाकी. घरात पाच माणसं. यजमान ४४ वर्षांचे, एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची चाचणी) ६.२, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, मेटफॉर्मिन चालू. सासूबाई ७१ वर्षांच्या, रक्तदाब, माळकरी, त्यामुळे अंडंसुद्धा नाही. बाकीचे मासे खाणारे. मुलगी १४ ची, मुलगा ९ चा आणि भाजी बघून तोंड फिरवणारा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, अडचण मात्र अनेक घरांची आहे.)

ताईंनी उत्तरही शोधून ठेवलं होतं. एक बॅग भरून दशम्या, लाडू, उपम्याची तयार पाकिटं, सोबत छोटी विजेची किटली, आणि बंदरावर उतरून फक्त फोटो काढायचे. हे जमणारं नव्हतं. किटली, इंडक्शन, कुकर अशा वस्तू बोटीवर चढतानाच्या तपासणीत काढून घेतात. घरी शिजवलेलं अन्न बहुतेक कंपन्या आत नेऊ देत नाहीत, कारखान्यातली सीलबंद पाकिटं चालतात. लाडवांत खसखस असेल तर प्रश्न त्याहून मोठा, कारण सिंगापूरमध्ये खसखस नेणं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. अनारसे, खसखस घातलेलं सारण, मसाल्याची पुडी, सगळं घरीच ठेवायचं.

पण बॅगेपेक्षा महत्त्वाचं काही वेगळंच होतं. मागच्या वर्षी अलिबागच्या रिसॉर्टमध्ये सकाळच्या नाश्त्याला कोणी काय खाल्लं, ते ताईंना आठवून सांगायला सांगितलं. पोहे, इडली, पुरी-भाजी, ऑम्लेट, दोन प्रकारचे ज्यूस, केक, वर कॉफी. “पैसे भरलेलेच होते ना,” असं त्या स्वतःच म्हणाल्या आणि थांबल्या. गोम इथेच आहे. बोटीवरचं जेवण तिकिटात धरलेलं असतं, म्हणून पैसे वसूल करायला आपण तिथे हात सैल सोडतो. बंदरावर खिशातून पैसे जातात, वर पोट आधीच भरलेलं आणि मनात धास्ती, म्हणून तिथे हात आखडतो. मग पोटात जातो जगात कुठेही मिळणारा पिझ्झा, आणि त्या गावाची चव राहून जाते. आमचा सल्ला याच्या बरोबर उलटा होता. बोटीवर घरच्यासारखं साधं जेवायचं, आणि गोड, तळलेलं, अनोळखी असं जे काही खायचं ते बंदरासाठी राखून ठेवायचं.

बोटीवरचा सगळ्यात घातक वेळ म्हणजे पहिली दुपार. बॅगा केबिनमध्ये पोचायला काही तास लागतात, खोली तयार नसते, मग सगळे वरच्या डेकवर बुफेत जाऊन बसतात आणि दोन-दोन तास खात राहतात. म्हणून आधी सिंगापूरमध्येच हलकं जेवून घ्यायचं, आणि गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवायच्या, मोठ्या बॅगेत नाही. बुफेत पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारायची, ताट नंतर उचलायचं. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. ताटात त्याचा सोपा हिशेब असा: अर्धं ताट भाज्या, सॅलड आणि फळं, पाव ताट भात किंवा पोळी, पाव ताट डाळ, दही, पनीर किंवा मासा. बुफेतले ज्यूस बहुतेक वेळा साखरेचं पाणीच असतात, तेव्हा पाणी प्यायचं. रात्रीचं जेवण बुफेत न घेता बसून जेवायच्या मोठ्या हॉलमध्ये घ्यायचं. तिकिटात तेही धरलेलं असतं, तिथे पदार्थ मोजके वाढून येतात आणि बऱ्याच बोटींवर रोज तेच वेटर असतात. पहिल्याच रात्री मुख्य वेटरला गाठून आजींबद्दल सांगायचं: मांस-मासे-अंडं नाही, मीठ कमी, उद्याच्या पदार्थांची यादी आज दाखवा. शाकाहारी किंवा जैन जेवणाची नोंद मात्र तिकीट काढतानाच करायला हवी. बोटीवर चढल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराला सामान कुठून मिळणार?

मुलांसाठी एकच व्यवहार ठरला. काय आणि किती वाजता हे आईबाप ठरवणार, किती खायचं ते मुलं. आईस्क्रीमच्या यंत्रापाशी दिवसातून एकदा, वेळ त्यांनी निवडायची. आणि रोज एक कधी न पाहिलेलं फळ, तीन घास खाऊन बघायचे, मग नको म्हटलं तरी चालेल. रांबुतान आणि मँगोस्टीन मुलाने मिटक्या मारत खाल्ली. मँगोस्टीन हा आपल्या कोकमाचा भाऊबंद, एकाच कुळातला, हे कळल्यावर तर त्याने बिया मोजून ठेवल्या.

एक सूचना फळांबद्दलचीच. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर ग्रेपफ्रूट चालत नाही, आणि पपनस त्याच घरातलं फळ आहे. बोटीवरच्या नाश्त्यात एक असतं, मलेशियाच्या बाजारात दुसरं. आजींच्या गोळ्यांची यादी दाखवून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगितलं.

आता पेनांग. इथे बोट थेट जॉर्ज टाऊनच्या धक्क्याला लागते. जुनं शहर २००८ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तमिळ वस्तीचं लिटल इंडिया धक्क्यापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. “तिथे माझ्या मुलांना काय आवडणार?” असं ताईंना वाटत होतं. त्यांना आसाम लाक्साची, म्हणजे माशाच्या आंबट रश्श्यातल्या शेवयांची, घडण सांगितली. मासा ‘कंबुंग’, म्हणजे आपल्या बांगड्याच्याच जातीचा. आंबटपणाला चिंच आणि ‘आसाम कपिंग’, म्हणजे कोकमाच्या कुळातल्याच एका फळाच्या वाळवलेल्या चकत्या. त्यात तांदळाच्या जाड शेवया, वर पुदिना, काकडी, कांदा, अननस. कोकणातल्या माणसाला ही वाटी परकी वाटायचं कारणच नाही. गोड म्हणून ‘ओंदे-ओंदे’: पिठाचा छोटा गोळा, आत माडाचा गूळ, बाहेर खोबरं. मोदकाचं सामान, फक्त रचना उलटी.

पोट बिघडण्याची भीती खोटी नाही, पण ती चुकीच्या जागी बसलेली असते. समोर मोठ्या आचेवर परतून वाफाळत हातात आलेलं ताट हे तासभर उघडं राहिलेल्या बुफेच्या भांड्यापेक्षा जास्त भरवशाचं. बघायचं ते इतकंच की गिऱ्हाईक भराभर हलतंय का, पदार्थ आत्ता शिजतोय का आणि पैसे घेणारा हात अन्नाला लागतोय का. ओल्या खोबऱ्याचे आणि नारळाच्या दुधाचे पदार्थ सकाळी घ्यायचे, दुपारपर्यंत उन्हात ते आंबतात. किसलेल्या बर्फाचं ‘चेंडोल’ आजींना नको. बोटीवर त्रास होतो तो बहुधा हातांमुळे. बुफेचा चिमटा शेकडो जण धरतात, आणि नोरोव्हायरसवर (उलट्या-जुलाबांचा विषाणू) हाताला लावायचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. वाढून घेतल्यावर, खायला बसण्याआधी, साबणाने वीस सेकंद हात धुवायचे. सोबत ओआरएसची पाकिटं असू द्यायची. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, छोटं २०० मिलीलिटरमध्ये. अर्धं पाकीट अंदाजाने टाकायचं नाही. जुलाब लागले तर बोटीच्या दवाखान्यात लगेच सांगायचं. लपवलं तर आजार पसरतो.

प्रमाणाचा नियम असा होता: बोटीवर अर्धा नाश्ता करून उतरायचं, बंदरावर पाच माणसांत तिखटाच्या दोन आणि गोडाची एक थाळी, सगळ्यांनी वाटून. एकेका माणसाला पाच-सहा घास येतात. चवीला ते पुरतात आणि साखरेला झेपतात. खाल्ल्यावर पंधरा मिनिटं चालायचं. जॉर्ज टाऊनच्या गल्ल्यांत ते आपोआप होतं.

आजींचा प्रश्न मात्र चवीचा नव्हता, विश्वासाचा होता. परतलेल्या साध्या भाजीतही ‘बलाचान’, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा, किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. ‘चार क्वे तिआव’, म्हणजे परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया, अनेकदा डुकराच्या चरबीत परततात. ‘व्हेज’ म्हटलं की काही ठिकाणी वरचे मांसाचे तुकडे तेवढे काढून देतात. चिनी शाकाहारी खानावळींत मांस-मासे नसतात, पण तिथे सोयाचं मांसासारखं दिसणारं काहीतरी ताटात येतं आणि माळकरी माणसाचं मन उडतं. आधी सांगून ठेवलं तर धक्का बसत नाही. म्हणून आजींसाठी लिटल इंडियातली केळीच्या पानावरची शाकाहारी थाळी ठरली. प्रवासातल्या एका दिवशी एकादशी येत होती. त्या दिवसासाठी उकडलेला बटाटा, दही, दूध, फळं आणि शेंगदाणे एवढं आदल्या रात्रीच वेटरला सांगायचं ठरलं.

दोन गोष्टी तरीही चुकल्या, आणि दोन्ही शिकण्यासारख्या आहेत. पेनांगला यजमानांनी ‘ते तारिक’, म्हणजे तिथला फेसाळ दुधाचा चहा, मागताना बिनसाखरेचा म्हणून सांगितलं, पण तिथे साध्या चहातही आटवलेलं गोड दूध असतं. दोन ग्लास झाले, आणि दुपारी साखर २१० दिसली. मागायला हवा होता ‘ते ओ कोसोंग’, म्हणजे कोरा, साखरेविना, किंवा दूध हवंच असेल तर ‘ते सी कोसोंग’. कमी गोड हवं असेल तर ‘कुरांग मानिस’. दुसरी चूक आजींची. बोटीवरचं नको म्हणून त्यांनी तयार उपम्याची पाकिटं रोज दोनदा खाल्ली, वर लोणचं, आणि रात्री सूप. तिसऱ्या दिवशी पाऊल सुजलं. दिवसभराच्या मिठाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सोडियम सुमारे २००० मिलिग्रॅम. पाकिटावरचा आकडा वाचला असता तर ‘घरचं’ समजून घेतलेलं तेच सगळ्यात खारट आहे हे कळलं असतं. सूप, लोणचं, पापड बंद केले, दही-भात आणि काकडीवर आल्या, सूज उतरली. (सूज उतरली नाही किंवा धाप लागली तर वाट बघायची नाही, बोटीच्या डॉक्टरांकडे जायचं.)

फुकेतला बोट पातोंगसमोर समुद्रातच उभी राहिली आणि छोट्या होड्यांनी किनाऱ्यावर जायचं होतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती चढ-उतर अवघड, म्हणून आजी बोटीवरच थांबल्या. घड्याळ सिंगापूरपेक्षा एक तास मागे, तेव्हा गोळ्यांची वेळ बोटीच्या वेळेवर ठेवली. तिथे पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात १७ सारखं दिसणारं थाई चिन्ह असतं, ‘जे’. त्या गाड्यावर मांस, मासळीचा सॉस, अंडं, दूध आणि कांदा-लसूणही नाही. ताईंनी तिथून आजींसाठी फोटो पाठवले. कच्च्या पपईच्या ‘सोम ताम’ कोशिंबिरीमध्ये मासळीचा सॉस आणि सुकी कोळंबी असते हे माहीत असल्याने मुलांनी ते स्वतःसाठीच घेतलं, कमी तिखट करून.

परतल्यावर दहा दिवसांनी यजमानांची उपाशीपोटीची साखर ११२ होती, जाण्याआधी ११५. वजन अर्धा किलो वाढलं होतं. ताईंचा नवा प्रश्न: “मुलगा ते आंबट बांगड्याचं मागतोय. बिनभाजीचा मुलगा पुदिना आणि काकडी घालून मागतोय. घरी कसं करू?”

चार बांगडे हळद घालून एक लिटर पाण्यात उकडायचे, काटे नीट काढून मांस बारीक कुस्करायचं. त्याच पाण्यात चार सुक्या मिरच्या, पाव वाटी कांदा, बोटभर आलं आणि एक चमचा भाजलेला जवळा यांचं वाटण, सहा आमसुलं आणि लिंबाएवढ्या चिंचेचा कोळ घालून वीस मिनिटं मंद उकळायचं. मग मासा परत टाकायचा. तांदळाच्या शेवया वेगळ्या उकडून वाटीत, वर रस्सा, भरपूर काकडी, कांदा, पुदिना आणि अननसाच्या दोन फोडी. मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून, कारण जवळ्यात ते आधीच असतं.