नाटक पाचव्या पानावर सुरू होतं

पोरी,

तुझ्या पथनाट्याची संहिता वाचली. पहिली चार पानं काढून टाक. रागावू नकोस, कारण ऐक. त्या पानांत शोषण आहे, व्यवस्था आहे, सत्तेचा माज आहे, पण माणूस औषधालाही नाही. ती पानं लातुरात वाचली काय, नाशकात वाचली काय, काही फरक पडत नाही. आणि ज्या नाटकाला गावच नाही ते बघायला आपल्या सोलापूरच्या कन्ना चौकातला माणूस का थांबेल? त्याला कामावर जायचं असतं.

पाचव्या पानावर विडीवाली येते आणि तिथे तुझं नाटक सुरू होतं. कारखान्यात चेकर तिच्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो. ती म्हणते, "छाट तर छाट, मग परत दे की माझ्या मला." तो देत नाही. छाटलेल्या मालाची मजुरी नाही आणि तो मालही हातात नाही! हे तू कुठेतरी बसून ऐकलेलं आहेस, टेबलावर रचलेलं नाहीस, लगेच कळतं. चार पानं भाषण करून जे जमलं नाही ते इथे दोन वाक्यांत झालंय.

सध्या दिवस तापलेले आहेत. रोज कुठला तरी मोर्चा, कुठला तरी बंद, आणि मोबाईलवर सकाळ-संध्याकाळ नवी अफवा. अशा वेळी कलापथकवाल्यांना वाटतं, लोकांना जागं करायला हवं. अगं, लोक जागेच असतात. आपल्याला कोण लुटतंय हे त्या बाईला तुझ्या-माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. तिला ठाऊक नसतं ते एवढंच, की पलीकडच्या गल्लीतल्या बाईचंही अगदी असंच झालंय. प्रत्येकीला वाटतं आपल्याच हाताला वळण नाही, आपल्याच विड्या वाईट. तुझं नाटक बघताना दोघी एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "तुझं पण?", की तुझं काम झालं. पुढचं त्या बघतील.

म्हणून आधी ऐकायला जा. पूर्वभागात दुपारी बायका दारात बसतात. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं, शेजारी कात्री आणि दोऱ्याचं रीळ. हात चालू आणि तोंड मोकळं. पान कापणं, तंबाखू भरणं, वळणं, दोरा गुंडाळणं, आणि सगळं करताना सासूपासून सरकारपर्यंत कुणालाही सोडत नाहीत. तिथे वही काढू नकोस, फोन तर मुळीच नको. पानं कापायला घे. मधेच त्या तेलुगूत काहीतरी बोलून हसतील, बहुतेक तुलाच. हसू दे. आणि एक सांगून ठेवते, त्यांच्या मराठीची नक्कल करून हशा मिळवायचा नाही. तुझ्या पोरांनी तालमीत ते केलं असं कानावर आलंय. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच गल्लीत नांदतात. ज्या बाईला तेलुगूत रडू येतं तिला तेलुगूतच रडू दे. मराठी प्रेक्षकाला तेवढं कळतं.

तुझ्या मनात १९३० चा प्रवेश आहे. ठेव, पण तो सगळा नव्याने लिही. तू चारही हुतात्म्यांना एका रांगेत उभं करून एकसुरात "आम्ही सारे एक" म्हणायला लावलंयस. पुतळे चौकात आहेतच, परत कशाला उभे करतेस? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. नुसती नावं घेतली तरी ही गोष्ट सोलापूरकराला कळते, तिचा ढोल पिटायची गरज नाही. माणसं काय करत होती ते दाखव. कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत वावरत, मग त्यांच्या हातात कागद दे, शाई दे. गांधीजींना अटक झाल्यावर मे महिन्यात शहर पेटलं, गोळीबार झाला, माणसं मेली, पोलीसही मारले गेले, कोर्ट जाळलं गेलं. तू पोलिसांचं आणि कोर्टाचं गाळलंयस. गाळू नकोस. गोष्टीतला नको असलेला भाग आपण लपवला की उद्या दुसरा कुणी तोच भाग हातात घेऊन सगळी गोष्ट खोटी ठरवतो. १२ मेला मार्शल लॉ आला, आणि १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिली. मार्शल लॉच्या दिवसांत गांधी टोपी घातली म्हणून लोकांना शिक्षा होत होती. एवढा धागा तुला पुरे. नवऱ्याची टोपी पिठाच्या डब्यात दडवणारी एखादी बाई कल्पनेने उभी कर. शिपाई दारात आहे आणि तिला भाकरी थापायचीय. मग बघ काय होतं.

शाहीर अमर शेख आपल्या जिल्ह्यातले, बार्शीचे. गिरणीत राबलेला माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे, शाहीर गव्हाणकर आणि ते मैदानं भरवायचे. लोक त्यांच्या पहाडी आवाजाबद्दल बोलतात, खरंच आहे, पण तुझ्यासारखीने शिकायचं ते झीलकऱ्यांकडून. शाहीर गातो आणि झील धरणारे ओळ उचलतात, हळूहळू समोरचे लोकही उचलतात. तुझ्या नाटकात लोकांना उचलायला एकही ओळ नाही. सगळं तुझीच पोरं बोलतात. एक साधी ओळ ठेव, परत परत येणारी, कुणालाही म्हणता येईल अशी. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा घेतला, पण गणात गणपतीच्या जागी मायभूमीला वंदन केलं आणि गवळण काढून टाकली. त्याआधी सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसेही तमाशाच्याच वाटेने गावोगाव गेले होते. ओळखीचा साचा असला की लोक बसतात. बसले की मग नवं काय ते ऐकवता येतं.

आता जरा कडू. कुणाचंही खरं नाव, खरी गल्ली, खरा कारखाना नाटकात नको. तुला टाळ्या मिळतील आणि तिचं काम जाईल. गोष्ट घेतलीस त्या बाईला प्रयोगाआधी वाचून दाखव. ती नको म्हणाली तर तो प्रवेश गेला, कितीही छान असला तरी. तुझे मित्र "मग निषेध कसला" म्हणतील. १९०७ साली खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं. त्यात व्हाइसरॉय कर्झनचं नाव कुठेच नव्हतं, तरी कीचक कोण ते थेटरातल्या सगळ्यांना कळलं. सरकारलाही कळलं, १९१० मध्ये बंदी आली, ते वेगळं.

परवानगीचं वकिलाला विचार. पोलिसांचा अर्ज वेगळा, संहितेच्या परिनिरीक्षणाचं, म्हणजे सरकारी तपासणीचं वेगळं, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. दिल्लीच्या पथनाट्यवाल्या सफदर हाश्मींचं नाव तुम्ही पोरं फार घेता. १ जानेवारी १९८९ ला दिल्लीजवळ झंडापूरला प्रयोग चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले, आणि ४ तारखेला त्यांच्या पथकाने तिथेच जाऊन ते नाटक पुरं केलं. याचं पोस्टर जरूर लावा. पण चौकात उभं राहताना बाहेर पडायची वाट कुठली, लहान पोरींना घेऊन आधी कोण निघणार, कुणाच्या घरात शिरायचं, हे तालमीतच ठरवा. ते ठरत नाही तोवर मी तुम्हाला रस्त्यावर पाठवणार नाही.

पैशासाठी झोळी फिरवा. उमेदवाराचा बॅनर मागे लावू देऊ नका, तो कितीही आपला असला तरी. माझं याबाबतीत पक्कं मत आहे, वाद घालू नकोस.

रविवारी पाचव्या पानापासून वाचून दाखव. तुमच्यातल्या उर्दू येणाऱ्या पोरीला बरोबर आण, कुर्बान हुसेनांची वाक्यं फार पुस्तकी झालीत, ती तिच्या तोंडून ऐकून बदलू. चहा माझ्याकडे. हलगीवाल्या पोराला मात्र सांग, वाचन संपेपर्यंत हलगी बाहेरच्या खुंटीला.

तुझी,
अक्का